प्राणी गेला की प्रत्येक वेळी 'हार्ट अटॅक'च का?

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, पण मधे श्वास मोजायचं जे लिहिलंय तेवढं राहू द्या, बाकी उडवलंत तरी माझं काही म्हणणं नाही.

झालं असं की गेल्या काही महिन्यांत तुमच्या पेपरात मी तीनदा तोच शब्द वाचला. एकदा कुणाचा तरी लाडका कुत्रा 'हार्ट अटॅकने' गेला, एकदा पळता पळता घोडा कोसळला आणि लगेच 'हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू', आणि तिसरी बातमी मांजराची, तिच्यात तर 'पॅरालिसिस आणि अटॅक एकदमच आला' असं होतं. तीन प्राणी, तीन वेगळी दुखणी, आणि लेबल एकच. मी डॉक्टर नाही, पण गेली चार वर्षं आमच्या घरात एक चार पायांचा हार्ट पेशंट आहे, त्यामुळे हौस नसताना या विषयात बरंच शिकावं लागलं आणि आता असं काही वाचलं की गप्प बसवत नाही.

माणसाला अटॅक येतो तेव्हा काय होतं ते आता सगळ्यांना तोंडपाठ आहे, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत वर्षानुवर्षं चरबी साठते, मग एक दिवस तिथे गुठळी अडकते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही. कुत्रा, मांजर, घोडा यांच्यात ही भानगड फार म्हणजे फारच क्वचित होते. कुत्र्याच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल बरंचसं आपण ज्याला 'चांगलं' म्हणतो त्या जातीचं असतं, ज्यांचा थायरॉइड मंद आहे किंवा ज्यांना डायबेटिस झालाय अशा कुत्र्यांत कधीतरी नळ्या तुंबलेल्या सापडतात, एरवी नाही. मग त्यांचं हृदय बिघडत नाही का? बिघडतं की, चांगलंच बिघडतं, पण ते झडपेतून बिघडतं, स्नायूतून बिघडतं, ठोक्याच्या तालातून बिघडतं, आणि बऱ्याच वेळा हे सगळं दोन दोन चार चार वर्षं आधीपासून चालू असतं. माझं भांडण आहे ते इथेच. अटॅक म्हटलं की वीज पडल्यासारखं वाटतं, कोण काय करणार, आणि वाचणारा पान उलटतो, आणि त्याच्या स्वतःच्या सोफ्यावर जो खोकतोय त्याच्याकडे त्याचं लक्षच जात नाही.

आमचा गुंड्या. डॅशहंड. उंची वीतभर, लांबी गाडीभर आणि रुबाब वाघाचा. नऊ वर्षांचा असताना रात्री खोकायला लागला, खोकला पण विचित्र, घशात पीस अडकल्यासारखा दोन तीनदा खाकरायचा आणि शेवटी ओकारी काढल्यासारखं करायचा, बाहेर काहीच पडायचं नाही. ज्या डॉक्टरांकडे आम्ही पहिल्यांदा नेलं त्यांनी स्टेथोस्कोप लावला न लावला, म्हणाले वय झालंय, घसा धरलाय, सिरप द्या. दोन महिने सिरप पाजलं. नाव सांगत नाही कारण माणूस वाईट नव्हता, घाईत होता, बाहेर रांग होती. पण दोन महिने गेले ते गेलेच.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी गुंड्याला टेबलावर उभं केलं, तोंड हाताने मिटून धरलं म्हणजे धापेचा आवाज मधे येत नाही, आणि डाव्या कोपराच्या आत स्टेथोस्कोप लावून पूर्ण दोन मिनिटं एक अक्षर बोलल्या नाहीत. मग उजवीकडे. मग परत डावीकडे. शेवटी कानातलं काढून माझ्या हातात दिलं, म्हणाल्या तुम्हीच ऐका. मला लब-डब लब-डब ऐकू येईल असं वाटलं होतं, तर ऐकू आलं लब-श्श, लब-श्श, तोटी पूर्ण बंद न केलेल्या नळातनं येतो ना तसा. ही मर्मर. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली जी झडप असते तिच्या पाकळ्या जाड होतात, कडेला गुंडाळतात, मग त्या एकमेकींना नीट टेकत नाहीत आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे फिरतं. कुत्र्यांच्या हृदयविकारात साधारण चारातले तीन हेच असतात. जात्या लहान चणीच्या असल्या की जास्त, डॅशहंड, पोमेरेनियन, चिवावा, आणि कॅव्हॅलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचं तर विचारूच नका, त्या बिचाऱ्यांना फार लवकर होतं.

आता महत्त्वाची गोष्ट. मर्मर सापडली म्हणजे कुत्रा लगेच जातो असं नाही. कित्येक कुत्रे मर्मर घेऊन सुखाने म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात. म्हणून डॉक्टर लोकांनी त्याच्या पायऱ्या पाडल्यात. जात धोक्याची पण अजून काही नाही तो ए, मर्मर आहे पण हृदय वाढलेलं नाही तो बी-१, हृदय वाढलंय पण त्रास दिसत नाही तो बी-२, फुप्फुसात पाणी होऊन गेलं तो सी, आणि नेहमीच्या औषधांनाही दाद देत नाही तो डी. यातली खरी सोन्यासारखी पायरी बी-२. कारण २०१६ साली एक मोठा अभ्यास बाहेर आला, ३६० कुत्रे, ११ देश, अर्ध्यांना पिमोबेंडॅन नावाची गोळी आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण खोटी गोळी. खरी गोळी मिळालेल्यांचं हृदय फेल व्हायला जवळपास १५ महिने उशीर झाला. १५ महिने म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात किती ते तुम्हीच हिशोब करा. पण मेख अशी की ही पायरी कान लावून कळत नाही, त्याला इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते, डावा वरचा कप्पा महारोहिणीच्या (हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी) १.६ पट किंवा जास्त झालाय का आणि खालचा कप्पा वजनाच्या मानाने फुगलाय का हे मोजावं लागतं. आणि ज्याचं हृदय वाढलेलंच नाही त्याला उगाच ती गोळी सुरू करायची नसते. गुंड्याचा वरचा कप्पा वाढलेला निघाला. गोळी चालू झाली, बारा तासांनी एक, जेवणाच्या तासभर आधी, चार वर्षांत आमच्या घरातलं घड्याळ म्हणजे ती गोळी.

मी बाईंना विचारलं खोकला वाढला की आणू का, तर त्या म्हणाल्या खोकल्यावर जाऊ नका. वाढलेला कप्पा त्याच्या वरून जाणाऱ्या श्वासनळीला टेकतो त्याने पण खोकला येतो, नळीच ढिली असली तरी येतो, त्यावरून फुप्फुसात पाणी आहे का नाही ते कळत नाही. श्वास मोजा म्हणाल्या. झोपेतले.

तर संपादक साहेब, कापू नका म्हटलं तो भाग हा. कुत्रा किंवा मांजर गाढ झोपलेलं असताना, नुसतं पडलेलं असताना नाही, फोनवर स्टॉपवॉच लावायचं आणि बरगड्या बघायच्या. वर गेली खाली आली की एक. एक मिनिट मोजायचं, किंवा अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. निरोगी जनावराचा आकडा बहुतेक वेळा ३० च्या आत असतो, बऱ्याच जणांचा वीसच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आठवडाभर रोज मोजलं की आपल्या प्राण्याचा नेहमीचा आकडा कळतो. मग तो कधी ३० च्या वर जाऊन तिथेच राहिला, थोड्या वेळाने परत मोजला तरी तोच, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला फोन. एवढंच. मशीन नको, ट्रेनिंग नको. ज्याला मर्मर आहे असं सांगितलंय त्याच्या घरी तर हे रोज व्हायला पाहिजे, आणि आमच्या पहिल्या डॉक्टरांनी हे सांगितलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते.

मी कॅलेंडरवरच लिहायचे, दुधाच्या हिशोबाशेजारी. १८, २०, १९, २२, महिनेच्या महिने हेच, नवरा चेष्टा करायचा की लॉटरीचे नंबर काढतेस का. तीन वर्षं झाल्यावर एका आठवड्यात २४ झाले, मग २६, मला वाटलं उकाड्याने असेल. गुरुवारी रात्री दिवे मालवले आणि सवयीने मोजायला बसले. गुंड्या शाल अंगावर ओढून झोपतो, नाक तेवढं बाहेर, म्हणून मी बरगड्यांवरच्या शालीच्या घडीकडे बघून मोजते. ती घडी इतक्या भराभर हलत होती की माझीच मोजणी चुकली असं वाटून परत मोजलं. ४४. खोकला अजिबात नव्हता बरं का, संध्याकाळी जेवला होता, दारावरची बेल वाजल्यावर भुंकला होता. बाहेरून बघितलं तर ठणठणीत. रात्री साडेअकराला नेलं, एक्सरेत फुप्फुसं पांढुरकी दिसायला लागली होती, ऑक्सिजनच्या पेटीत ठेवला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि पहाटेपर्यंत त्याने जी काही लघवी केली म्हणता, तिथली नर्स म्हणाली एवढ्याशा कुत्र्यात एवढं मावलं कसं. दुसऱ्या दिवशी आकडा २६. सकाळपर्यंत थांबलो असतो तर तुमच्या पेपरात चौथी हार्ट अटॅकची बातमी आली असती.

तेव्हापासून पाण्याची गोळी पण सुरू आहे. गंमत म्हणजे ती फ्युरोसेमाइडच निघाली, माझ्या सासऱ्यांना चालू आहे तीच, आता सकाळी दोघं एकदम घेतात. (पण म्हणून माणसाच्या डब्यातली गोळी मनाने जनावराला देऊ नका, डोस वेगळे, किडनी वेगळी, रक्त तपासून द्यायची असते.)

मोठ्या चणीच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांची झडप बरी असते पण स्नायूच पातळ होतो, हृदय ढिल्या पिशवीसारखं होतं. डॉबरमन आणि ग्रेट डेनवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. डॉबरमनमधे तर काही वेळा पहिलं लक्षण म्हणजेच मरण, काल बॉल आणत होता आणि आज खेळता खेळता पडला तो उठलाच नाही. म्हणून त्यांना वर्षातनं एकदा इको आणि २४ तासांचा होल्टर करायला सांगतात, छोटं यंत्र जाकिटात घालून दिवसभर ठोके नोंदवायचे, दिवसात ५० च्या वर चुकार ठोके सापडले तर गंभीर समजायचं. बॉक्सरमधे तालाचाच वेगळा आजार आहे, चक्कर येऊन पडतात आणि मालकाला फिट वाटते. आणि पिल्लू लहान असतानाच मशीन चालू असल्यासारखी सलग घरघर ऐकू आली तर जन्माच्या आधीची एक नळी बंद व्हायची राहिलेली असते, ती पायाच्या रक्तवाहिनीतून तार घालून बुजवता येते आणि वेळेत केलं तर बहुतेक पिल्लं पुढे नॉर्मल जगतात, म्हणून पहिल्या लसीच्या वेळी डॉक्टरला छाती नीट ऐकायला लावा, लाजू नका.

डासांमुळे होणारा हार्टवर्म राहिलाच. डास चावतो, अळी आत जाते, सहा सात महिन्यांत मोठी होते आणि हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीत वीतभराहून लांब दोऱ्यासारखे जंत राहायला लागतात. कुत्र्यात त्यावर इलाज आहे पण अवघड आणि जोखमीचा, मांजरात मोठे जंत मारायला सुरक्षित औषधच नाही. महिन्याला एक गोळी किंवा मानेवर थेंब टाकले की हे सगळं टळतं. आधी रक्त तपासून मग सुरू करायचं.

आता मांजर. हा भाग लिहायला मला जड जातं.

माझ्या वहिनीची मनी, पाच वर्षांची, गुबगुबीत, आयुष्यात कधी आजारी नाही. एका रात्री अशी किंचाळली की शेजारचे उठले. मागचे दोन्ही पाय ओढत कपाटाखाली गेली. घरात सगळ्यांचं एकच, कुणीतरी काठी मारली असणार, नाहीतर भिंतीवरनं पडली, कंबर मोडली. वहिनीने तिला उचललं तर मागचे पंजे बर्फासारखे गार आणि पुढचे कोमट. तिथल्या डॉक्टरांनी पंजे उलटे करून दाखवले, पुढच्या गाद्या गुलाबी आणि मागच्या निळसर, जांघेत नाडी नाही. कंबर शाबूत होती. मांजराच्या हृदयाचा स्नायू आतल्या आत जाड होत जातो, कप्प्याला फुलायला जागा उरत नाही, वरच्या कप्प्यात रक्त साचतं, तिथे गुठळी होते आणि ती सुटून महारोहिणी जिथे मागच्या दोन पायांसाठी फुटते त्या दुबेळक्यात जाऊन बसते. वहिनीने विचारलं हिला कधी मर्मर सांगितली नव्हती कुणी. डॉक्टर म्हणाले बऱ्याच मांजरांत नसतेच, आणि ज्यांच्यात असते त्यातल्या कितीतरींना काही झालेलं नसतं. मनी पहाटे गेली. वहिनी अजून म्हणते की मी तिला खेळवलं नसतं जास्त तर. त्याचा काही संबंध नाही हो, पण 'पॅरालिसिस आणि अटॅक' असं कुणी छापलं की माणूस असंच काहीतरी मनाला लावून घेतो.

स्नायू जाड व्हायचा हा आजार साधारण सातातल्या एका मांजरात असतो, ही काही दुर्मिळ भानगड नाही. मेन कून मांजरांत त्याचा जनुकातला दोष २००५ साली सापडला, रॅगडॉलमधे २००७ साली, त्यांची टेस्ट निघाली आहे, पिल्लं काढणाऱ्यांनी ती केलीच पाहिजे असं माझं मत. साध्या घरगुती मांजरांसाठी मात्र अशी टेस्ट नाही, पण रक्तातलं एक प्रोटीन तपासून अंदाज येतो आणि मग इको. वरचा कप्पा वाढलेला दिसला तर गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात, मांजरांवर ॲस्पिरिनशी तुलना करून बघितलंय, त्यात हेच चांगलं ठरलं. कुत्र्यासारखं खोकून मांजर सांगत नाही, ते फक्त लपून बसतं आणि श्वास वाढवतं. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर ते दमलंय म्हणून हसून व्हिडिओ काढू नका. खरंच सांगते, असे व्हिडिओ लोक टाकतात.

मांजरांच्याच बाबतीत एक चांगली गोष्टही झालेली आहे. पूर्वी मांजरांत स्नायू पातळ होऊन हृदय फुगायचा आजार पण खूप होता. १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा खाण्यातल्या टॉरिन नावाच्या पोषक घटकाच्या कमतरतेमुळे होतोय, मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही, मांसातूनच मिळवावं लागतं. टॉरिन दिल्यावर मांजरं बरी व्हायला लागली, कंपन्यांनी तयार खाण्यातलं टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. म्हणून जे लोक मांजराला स्वतःच्या तत्त्वापायी शाकाहारी करायला निघतात त्यांना माझा हात जोडून नमस्कार. कुत्र्यांच्या बाबतीत पण २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध खातं) धान्य नसलेल्या, वाटाणे मसूर भरपूर असलेल्या खाण्याबद्दल चौकशी सुरू केली होती. पक्कं कारण अजून सिद्ध झालेलं नाही, पण 'ग्रेन फ्री' लिहिलंय म्हणून जास्त चांगलं असं डोळे झाकून समजायचं काही कारण नाही.

घोड्यांकडे येते. माझे मामा जन्मभर घोड्यांत. लहानपणी सुट्टीत गेले की तबेल्यातच पडलेली असायचे. मामांना स्टेथोस्कोप माहीत नव्हता, ते सरळ घोड्याच्या डाव्या कोपरामागे कान लावायचे आणि डोळे मिटायचे. एकदा मला म्हणाले ये, ऐक. मी कान लावला. धप्प. मग इतका वेळ काही नाही की मला वाटलं आपला कान चुकला. धप्प. धप्प. आणि मग एकदम शांत. मी घाबरून मामांकडे बघितलं, घोडा मजेत कान हलवत उभा. धप्प. मामा हसले, म्हणाले ठोका गिळतो तो. चांगल्या दमाचा घोडा गिळतोच, चार पावलं पळव, बघ गिळतो का.

कित्येक वर्षांनी गुंड्याच्या डॉक्टर बाईंना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या, म्हणाल्या मामा बरोबर होते. उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, आणि फिट घोड्यात शांत असताना मेंदूकडून येणारी नस हृदयाला एवढी आवरून धरते की मधूनच एक ठोका वरच्या कप्प्यातून खाली पोचतच नाही. घोडा पळाला की नस सैल सोडते आणि ठोके एकदम सरळ. तोच घोडा पूर्ण वेगात २२० च्या वर जातो आणि मिनिटाला २०० लिटरच्या वर रक्त फिरवतो. काळजी कधी करायची, तर गिळण्यालाही ताल नसेल तेव्हा, म्हणजे तीन ठोके, मग पटापट दोन, मग मोठी गॅप, मग चार, कशाचा कशाला मेळ नाही. हे एट्रियल फिब्रिलेशन, वरचे कप्पे नुसते थरथरतात. घोड्याचे कप्पे मुळात एवढे मोठे की बाकी काही आजार नसतानाही हे होऊ शकतं. तबेल्यात उभा असताना कुणाला पत्ता लागत नाही, शर्यतीत शेवटच्या टप्प्यात घोडा अचानक मागे पडतो आणि सगळे म्हणतात आज मूडच नव्हता त्याचा, किंवा जॉकीला शिव्या. यावर इलाज आहे, नाकातून नळी घालून क्विनिडिन नावाचं औषध देतात किंवा भूल देऊन हृदयात तार नेऊन शॉक देतात, आणि बरेच घोडे परत पळतात. म्हातारपणी महारोहिणीची झडप गळायला लागते, त्याचा आवाज कधी कधी घुमणाऱ्या पारव्यासारखा येतो, असे घोडे वर्षानुवर्षं छान जगतात, पण त्यांच्यावर कुणी बसणार असेल तर आधी पळवून ईसीजी काढून घ्यावा, कारण तो कोसळला तर वर बसलेला पण जातो.

आता पळता पळता मेलेल्या घोड्याबद्दल. पोस्टमॉर्टेम केल्यावर कधी मोठी रक्तवाहिनी फुटलेली सापडते, कधी फुप्फुसात रक्त, आणि बऱ्याच वेळा काहीच ठोस सापडत नाही, तेव्हा ठोक्यांचा ताल बिघडला असावा असा अंदाज करतात. म्हणजे पोस्टमॉर्टेम करून सुद्धा तज्ज्ञ 'असावा' म्हणतात, आणि तुमचा बातमीदार मैदानावरूनच 'अटॅक' लिहून मोकळा होतो.

आणि एक गोष्ट जी प्रत्येक तबेल्याच्या दारावर लिहायला पाहिजे. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात काही ठिकाणी मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोंबडीला ते चालतं. घोड्याला किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम एवढंसं पण जीवघेणं ठरू शकतं, कोंबडीला तेवढंच नुकसान व्हायला किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. हृदयाचा स्नायूच जाळून टाकतं ते. एकाच गाडीतून, एकाच मिक्सरमधून दोन्ही खाद्यं आली, किंवा घोड्याने शेजारच्या पोत्यात तोंड घातलं, की झालं. त्यातून वाचलेला घोडा बाहेरून बरा दिसतो आणि काही महिन्यांनी पळवताना मरून पडतो. अशा घोड्याच्या बातमीत अटॅक लिहिलं की ते पोतं तिथेच राहतं, आणि दुसऱ्या घोड्यासमोर जातं.

एक जाता जाता. मोठं हृदय म्हटलं की आपण कौतुक करतो, घोड्यात ते खरं पण आहे. १९३२ साली मेलेल्या फार लॅप नावाच्या शर्यतीच्या घोड्याचं हृदय ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलंय, ६.२ किलो भरतं. सेक्रेटेरियट नावाच्या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याचं तर १० किलोच्या आसपास असावं असा अंदाज सांगतात, पण ते कुणी तराजूत घातलं नव्हतं. कुत्र्याच्या एक्सरेवर 'हृदय मोठं आहे' लिहून आलं तर मात्र कौतुक करत बसू नका.

आणि माणूस या जनावरांचं देणं लागतो हेही सांगून टाकते. रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो माणसाचा नाही, घोडीचा. स्टीफन हेल्स नावाच्या धर्मगुरूने जिवंत घोडीला आडवं बांधून रक्तवाहिनीत नळी बसवली आणि रक्त काचेच्या नळीत ८ फूट ३ इंच चढलं, १७३३ साली त्याने ते छापलं. ऑगस्टस वॉलरने १९०९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत ईसीजी दाखवला तो स्वतःच्या जिमी नावाच्या बुलडॉगचा, मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून तो निमूट उभा राहिला, आणि कुत्र्याचा छळ झाला का म्हणून थेट पार्लमेंटमधे प्रश्न विचारला गेला. घोडीसाठी कुणी विचारलेलं दिसत नाही.

माझी मागणी साधी आहे. डॉक्टरांनी कारण सांगितलेलं असेल तर तेच छापा, झडप तर झडप, गुठळी तर गुठळी, विषबाधा तर विषबाधा. माहीत नसेल तर 'अचानक मृत्यू' लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि रविवारच्या अंकात कुठेतरी कोपऱ्यात चार ओळींची चौकट टाका, झोपेतले श्वास कसे मोजायचे. राशीभविष्याला अर्धं पान देता, त्यातल्या एका राशीची जागा पुरेल.

आपली,
एक नेहमीची वाचक

ता.क. कुत्रा झोपेत पाय मारत असेल, मिशा थरथरत असतील, बारीक भुंकत असेल तर तेव्हा मोजू नका, तो स्वप्नात कुणाच्या तरी मागे लागलेला असतो आणि आकडा पन्नासवर जातो. मी एकदा अशीच घाबरून नवऱ्याला उठवलं, गाडीची किल्ली शोधली, आणि गुंड्या आळस देऊन आमच्याकडे बघत बसला.